चढाची तयारी सगळेच करतात, उताराची कोण करतं? (मुक्तिनाथ–लुब्रा–जोमसोम, डोंगरी सायकल)

उतारकरी

नाशिकच्या सायकलवाल्यांच्या पायांत दम नाही असं म्हणायची कुणाची टाप नाही. २०१५ साली महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पुरी केली, २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथांनी तीच शर्यत एकट्याने मारली. पंढरपूरची सायकल वारी आहे, बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला मारायच्या रपेटी) आहेत, दर रविवारी त्र्यंबक रोडला झुंडी आहेत. पण हे सगळं डांबरावरचं, आणि सगळं चढाच्या हिशोबाचं.

हल्ली आपल्यातले बरेच जण डोंगरी सायकल घेऊन हिमालयात जायचं म्हणतात. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतात. प्रश्न ठरलेले: किती किलोमीटर, किती चढ, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का. उताराबद्दल चकार शब्द नाही. उतार म्हणजे बक्षीस, वर पोचलो की सायकल सोडून द्यायची, असं धरूनच चालतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. चढावर दम लागला तर माणूस उतरतो, ढकलतो, बसतो. फार तर उशीर होतो. उतारावर दम लागला की काय होतं, ते कुणी आधी सांगत नाही. म्हणून हा धागा.

उदाहरणाला मुक्तिनाथहून लुब्रामार्गे जोमसोमला उतरणारी वाट घेतो. आपल्या लोकांना मुक्तिनाथ माहीत आहे, आजी-आजोबांच्या यात्रा तिकडे जातातच. देऊळ साधारण ३७०० ते ३८०० मीटरच्या दरम्यान, जोमसोम २७४० च्या आसपास. म्हणजे उतार हजार मीटरचा. आता मुक्तिनाथपर्यंत गाडीरस्ता आहे, पण आपण रस्त्याने उतरत नाही. देवळाखालच्या राणीपौवा गावातून आधी थोडं चढून दक्षिणेकडच्या धारेवर यायचं, तिथून धार सोडून लुब्रा गावाच्या डोक्यावर, मग वळणावळणांनी गावात, आणि पुढे पांडा खोला या नाल्याच्या पात्रातून काली गंडकी नदीला. धारेवर असताना धौलागिरी समोर असतो. बघायचा असेल तर थांबून बघा.

वरचा भाग मऊ धुळीचा, सायकल नुसती तरंगते. सगळ्यांचा घात हाच भाग करतो, कारण इथे वेगाची चटक लागते. मग अचानक काळ्या शेलच्या चिपा सुरू होतात. त्या भागात शाळिग्राम ज्या थरांतून येतात तोच हा काळा दगड, पापुद्रे सुटलेला. आपला सह्याद्रीचा कातळ पावसाळा सोडला तर चाकाला धरून ठेवतो, आपला मुरूमही दाबला की बसतो. या चिपा बसत नाहीत, एकमेकींवरून सरकतात. वाट हातभर, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही.

आता दमाचं. अवघड उतारावर पाय पेडल मारत नाहीत म्हणून दम लागणार नाही, हा भ्रम आहे. गुडघे अर्धे वाकलेले, कंबर मागे, हात ताणलेले, दोन बोटं ब्रेकवर, असं मिनिटभर नुसतं उभं राहून बघा. त्यात दगडांचा पट्टा आला की आपण सगळेच श्वास रोखून धरतो, कळत पण नाही. गंगापूर धरणाच्या मागच्या उतारावर हे खपून जातं. मुक्तिनाथला हवेचा दाब नाशिकच्या दोन तृतीयांश आहे. तिथे रोखलेला श्वास पट्टा संपल्यावर वसूल होतो, आणि नेमकं तेव्हाच पुढचं वळण आलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे मेंदूला हवा कमी पडली की तो 'थांब' म्हणत नाही, 'जाईल रे' म्हणतो.

म्हणून गटात एकच नियम ठेवावा: दर तीन वळणांनी थांबायचं, वाटो न वाटो. पाय टेकवायचे, बोटं मोकळी करायची, शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलायचं. वाक्य मध्ये तुटलं तर आणखी थांबायचं. दम लागल्यावर थांबू, हा हिशोब तिथे चालत नाही, कारण दम लागलाय हे कळणारं डोकंच तेव्हा जाग्यावर नसतं.

वळण कसं घ्यायचं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक पडतात ते इथेच. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, सरळ असताना, दोन्ही ब्रेकनी. बाहेरच्या कडेने शिरायचं. भीती वाटते, पण आतून शिरलात तर वळण पुरतच नाही. पेडल समांतर, आतल्या बाजूचं थोडं वर, नाहीतर डोंगराला ठोकर बसते. डोळे दरीकडे नकोत, वळण संपल्यावर वाट जिथे जाते तिथे. मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागे सायकल येते. पुढचा ब्रेक चाक वळायला लागायच्या आत सोडत आणायचा. वळलेलं पुढचं चाक चिपांवर दाबलंत तर ते खालून निसटतं आणि तुम्ही बाहेरच्या अंगाला जाता, जिथे काही नाही. अगदी घट्ट वळणात मागचा ब्रेक हलका धरलेला चालतो. आणि पाय टेकवायची वेळ आली तर डोंगराकडचा. हे पाय टेकवणं घरीच सवयीचं करून घ्या, बहुतेकांचा एकच पाय सवयीचा असतो.

ब्रेकबद्दल खाली बोलू, नाहीतर हा धागा मीच संपवेन.

निफाडची_थंडी

वाचनखूण साठवली. पण धाग्यात फोटो नाही म्हणजे जेवणात मीठ नाही. टाका की राव.

खारदुंग_रिटर्न

लेख छान. तरी थोडा घाबरवणारा वाटला. मी लडाखच्या खारदुंग खिंडीतून उतरलोय, वरून लेहपर्यंत. पाटीवर १८,३८० फूट! उतारात काय दम लागतो? उलट खाली येतोय म्हणजे हवा वाढतच जाते.

उतारकरी

खारदुंगरिटर्नभाऊ, आधी पाटीचं. ती १८,३८० फुटांची पाटी फोटोला ठीक आहे, जीपीएसने मोजलेली उंची ५३५९ मीटर आहे, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. तरी कमी नाही, तुमचं कौतुक आहेच.

पण तो गाडीरस्ता. तिथे तुम्ही खोगिरावर बसून, ब्रेकवर बोट ठेवून उतरता. शरीराला काम नाही. मी म्हणतोय ती वाट तुम्हाला बसू देत नाही. हवा वाढतच जाते हे खरं, पण हजार मीटर उतरायला तिथे दोन-तीन तास सहज जातात आणि सगळ्यात अवघड वळणं वरच्या अर्ध्यातच आहेत.

खारदुंग_रिटर्न

पाटीवर विश्वास ठेवायचा नाही तर मग ठेवायचा कशावर? असो. मुद्दा पटला.

रबर_आणि_हवा

टायरच्या दाबाचं कुणी काढलंच नाही. घरून भरून नेलेला टायर वर गेल्यावर कडक होतो. नाशिक ६०० मीटर धरा, बाहेरच्या हवेचा दाब साधारण १३.७ पीएसआय (दाबाचं माप). मुक्तिनाथला साधारण ९.३. घरी गेजवर २२ भरलेत, म्हणजे आतला खरा दाब ३५.७. वर गेल्यावर आतला तोच, बाहेरचा कमी. गेज २६ च्या वर दाखवणार. चार पीएसआय म्हणजे चिपांवर पकड गेली. वर पोचल्यावर हवा सोडा.

इगतपुरीचं_धुकं

गणित बरोबर, पण तापमान गाळलंत. नाशिकला ३० अंशांत भरलेली हवा तिकडे पहाटे शून्यावर आली की आतला ३५.७ चा ३२.२ होतो. उणे ९.३. गेज २३! म्हणजे उंचीने दिलं ते थंडीने जवळजवळ सगळं काढून घेतलं. घाईने सकाळीच चार सोडलेत तर १९ वर उतराल आणि पहिल्या टोकदार दगडाला रिम वाजेल.

रबर_आणि_हवा

मान्य. पण ऊन चढल्यावर १५ अंशांत तेच गेज साडेचोवीस दाखवेल. मग कोणत्या आकड्यावर भांडायचं?

उतारकरी

कुठल्याच नाही. दोघांचं गणित वाचून मजा आली. निघायच्या आधी, सायकल बाहेर अर्धा तास ठेवून, तिथल्या तिथे गेजने मोजायचं आणि हवं तेवढं करायचं. छोटा गेज खिशात राहतो. अंगठ्याने दाबून बघणारे बरेच आहेत, पण थंडीत अंगठाच बधिर असतो.

आणि फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं हवेवर चालणारं सस्पेन्शन, विसरू नका. त्यात ऐंशी पीएसआय असेल तर थंडीचा फटका मोठा आणि उंचीचा तेवढाच, म्हणजे सकाळी तो पंच्याहत्तरच्या आसपास येतो. टायर थोडा कडक, फोर्क थोडा नरम. शिवाय आतलं तेल थंडीत घट्ट झालेलं असतं, दबलेला फोर्क परत यायला वेळ लावतो. पहिला पाव तास सायकल अनोळखी वाटते ती त्यामुळे. धारेचा तो मऊ भाग हाताशी आहे, तिथे जरा दाबून-सोडून बघा.

पंचवटीची_ताई

धागा वाचून मनातलं विचारते. वय सत्तेचाळीस, नाशिक-त्र्यंबक-नाशिक नेहमीचं, दोनदा पंढरपूर वारी. सायकल साधी, पुढे शंभर मिलिमीटरचा फोर्क, मागे काही नाही. मुलगा म्हणतो, आई, तुला फुल सस्पेन्शन लागेल. दीड-दोन लाखांची सायकल घेण्यापेक्षा मी गाडीने मुक्तिनाथाचं दर्शन घेऊन येईन. खरं काय ते सांगा.

उतारकरी

ताई, लागेल असं नाही. मागे सस्पेन्शन असेल तर चूक पोटात घेतं, वाट सोपी करत नाही. तुमच्या सायकलवर वरची धार आणि खालचं पात्र निवांत होईल, मधली वळणं उतरून चालत. चालण्यात कमीपणा काहीच नाही, तिथे नेहमीचे लोकही काही वळणं चालतात. मला विचाराल तर पैसे सायकलवर नाही, तीन गोष्टींवर घाला: हायड्रॉलिक ब्रेक, रुंद आणि जाड भिंतीचे टायर, आणि सीट खाली-वर होणारा ड्रॉपर. ड्रॉपर नसेल तर सीट वरच पानाने खाली करा, पण करा. उंच सीटवरून कंबर मागे जातच नाही आणि सायकल तुम्हाला पुढे फेकते.

बागलाणी

आमच्याकडे गुरं राखणारा कुणी उतारावरून सरळ खाली येत नाही. ढोरं नागमोडी वाट पाडतात, आणि वळणाच्या ठिकाणी थोडी सपाट जागा आपोआप होते, कारण सगळी तिथे क्षणभर थांबतात. सायकलवाल्यांनी ती जागा ओळखावी. वळताना जो गोल पाहिजे तो तिथेच मिळतो. मुल्हेर-साल्हेरच्या बाजूला गुरांच्या वाटांवर हेच बघून शिकलो.

उतारकरी

बागलाणी, लाखातलं बोललात. लुब्राची वाटही माणसांची आणि जनावरांची आहे, सायकलसाठी कुणी बनवलेली नाही. खेचरांचा किंवा बकऱ्यांचा कळप आला तर उतरायचं, सायकल घेऊन डोंगराच्या अंगाला उभं राहायचं. दरीच्या अंगाला उभं राहिलात आणि खेचराच्या पाठीवरचं ओझं लागलं तर काय होईल ते लिहीत नाही.

लुब्रा हे बोन या तिबेटी पंथाचं गाव. बौद्ध लोक स्तूप उजव्या हाताला ठेवून जातात, बोन लोक डाव्या. गावात सायकल हातात धरून चाला आणि चोर्तेन (स्तूप) डाव्या हाताला ठेवा.

ओपीडी_नंतर

डॉक्टर म्हणून चार ओळी. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, किडनीचा काही त्रास असेल, दुसरी औषधं चालू असतील तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इथे विचारून तर अजिबात नाही.

सायकलवाल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या गोळीने बोटांना मुंग्या येतात. बऱ्याच जणांना येतात आणि त्यात धोका नसतो. पण तुमची दोन बोटं ब्रेकवर आहेत आणि बाहेर थंडी आहे. ब्रेक किती दाबला गेला हे बोटांना नीट कळत नाही. म्हणून गोळी पहिल्यांदाच उताराच्या सकाळी घेऊ नका, दोन दिवस आधी घरी घेऊन बघा, तीही डॉक्टरांना विचारूनच. लघवी वाढते, पाणी जास्त प्या. आणि हो, सोडा, कोल्ड्रिंक बेचव लागतं, दुकानदाराशी भांडू नका.

जास्त महत्त्वाचं: ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथल्या तिथेच. पोखरा आठशे-साडेआठशे मीटरवर आहे. सकाळी विमानात बसलात तर अर्ध्या तासाच्या आत जोमसोम, म्हणजे एकदम २७०० च्या वर. त्याच दिवशी जीप करून मुक्तिनाथला झोपायला गेलात तर दुसऱ्या दिवशी तुमचं डोकं उतारावर न्यायच्या लायकीचं राहणार नाही.

उतारकरी

डॉक्टरसाहेब, मुक्काम खालीच ठेवला तर? मार्फा किंवा जोमसोमला दोन रात्री, मग कागबेनीला एक, आणि मुक्तिनाथला झोपायचंच नाही, सकाळी जीपने वर जाऊन सायकलने खाली. झोप २८०० च्या आसपासच राहते.

ओपीडी_नंतर

झोपेच्या दृष्टीने उत्तम. पण वर पोचल्यावर तासभर तरी हळू फिरा. दर्शन घ्या, १०८ धारांखाली आंघोळ मात्र उतारानंतर परत याल तेव्हा करा, गारठलेली बोटं घेऊन निघू नका.

आणि निघायच्या आधी प्रत्येकाने एक चाचणी करायची: सरळ रेषेत, टाचेला पंजा लावत, दहा-बारा पावलं. तोल जात असेल, माणूस झोकांड्या खात असेल तर ते थकवा म्हणून सोडून देऊ नका, मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. अशा माणसाने सायकलला हात लावायचा नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच गाडीने खाली न्यायचं. डोकेदुखीवर गोळी घेऊन निघणारे असतात. गोळीने दुखणं दबतं, तोल परत येत नाही.

पंचवटीची_ताई

म्हणजे आंघोळ नंतर. सासूबाईंना हे समजावणं उताराहून अवघड आहे.

साखळी_तुटली

ब्रेकचं राहिलं. मी गॅरेजवाला आहे (मोटारसायकली), म्हणून विचारतो. डिस्क तापून ब्रेक गेला असं ऐकतो ते खरं का? एवढीशी सायकल, एवढासा माणूस.

उतारकरी

एवढासा माणूस नाही हो. माणूस, सायकल, पाठीवरची पिशवी मिळून ९० किलो धरा. हजार मीटर उतरलात की जवळजवळ ८८० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी टायरात, थोडी वाऱ्यात, पण हळू उतरताना बहुतेक सगळी दोन डिस्कमध्ये. एवढ्या उष्णतेत अडीच लिटर पाणी २० अंशांवरून उकळी फुटेपर्यंत तापेल. आणि तिथली हवा विरळ, त्यामुळे डिस्क गार करायलाही ती कमी पडते.

यावर उपाय एकच, सवयीचा. ब्रेक सतत चोळत बसायचं नाही. सरळ भागात थोडं सोडायचं, वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ दाबायचं, परत सोडायचं. भित्रा माणूस ब्रेक धरूनच उतरतो, आणि त्याचेच ब्रेक आधी जातात. पुढे २०० किंवा २०३ मिलिमीटरची डिस्क बसत असेल तर बसवा. पॅड मेटलचे घ्या, लांब उतारावर रेझिनचे लवकर तापतात आणि चकचकीत होऊन पकड सोडतात. मेटलचे जरा आवाज करतात, करू देत.

साखळी_तुटली

ब्रेकचं डॉट तेल पाणी शोषतं हे आम्हाला रोजचं. डॉट ४ नवं असताना २३० ला उकळतं, पाणी शोषलं की १५५ ला. पावसाळा काढलेलं तेल घेऊन कुणी जाऊ नये. सायकलींमध्ये काहींना मिनरल तेल असतं, त्यात चुकून डॉट ओतलं तर सगळे रबर फुगून ब्रेक खलास. दुकानात दिलीत तरी कोणतं तेल घालतोय ते समोर उभं राहून बघा.

आणि लाईनीत हवेचा बुडबुडा असेल तर तो वर गेल्यावर फुगणार. इथे घट्ट वाटणारा लिव्हर तिथे दांड्याला टेकेल. ब्लीड करून घ्या (लाईनीतली हवा काढून घ्या) जायच्या आठवडाभर आधी. आदल्या दिवशी नको, काही राहिलं असेल तर कळायला चार रपेटी पाहिजेत.

उतारकरी

हे सोन्यासारखं आहे. धाग्याच्या वर डकवायला पाहिजे.

आगाऊ

सराव कुठे करायचा सांगा की. अंजनेरीला गावातून वर रस्ता गेलाय, तिथून पठारावर चढवायची सायकल आणि सोडायची. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या पण झकास आहेत.

रानफूल

अंजनेरीच्या पठारावर कृपा करून नको. तो संवर्धन राखीव भाग आहे. अंजनेरीचं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगरावरून जगाला कळलं. पावसाळ्यात बोटभर झाड मातीतून वर येतं, बाकीचे महिने कंद जमिनीत. तुम्हाला मोकळं गवत दिसतं, खाली कंद असतात. एकाच्या चाकाने पडलेल्या चाकोरीत पुढच्या पावसात पाणी धावतं आणि घळ होते. शिवाय कड्यावर गिधाडांची घरटी.

आगाऊ

गुरं चरतात ती चालतात, सायकल चालत नाही?

रानफूल

गुरांचा प्रश्न वेगळा आहे आणि तोही आहेच. पण गुरं ब्रेक मारून मागचं चाक फरफटवत नाहीत.

उतारकरी

रानफूल यांच्याशी सहमत. आणि ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर वयस्कर माणसं, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया असतात. तिथे सायकल सोडणाऱ्याला मी गटात घेणार नाही, मग तो कितीही चांगला चालवो.

सरावाला डोंगर मोठा लागतच नाही. गंगापूर धरणाच्या मागे गुरांच्या रुळलेल्या वाटा आहेत, वीस-पंचवीस मीटर उताराची दोन वळणं सापडली की पुरे. तेच वळण पुन्हा पुन्हा, अवघड जाणाऱ्या बाजूचं जास्त, कारण बहुतेकांची एक बाजू आपोआप बरी असते. सरावात मोठ्याने आकडे म्हणत उतरा. आकडे म्हणणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. लोक बघतील, बघू देत.

उंचीचा सराव मात्र महाराष्ट्रात कुठेच होत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, आणि तिथे शिड्या. 'कळसूबाई चार वेळा केलंय, उंचीची सवय आहे' असं सांगणारे भेटतात. पायांना असेल.

आगाऊ

बरं बाबा, पायऱ्या मागे घेतो. आकड्यांचं करून बघतो, कॉलनीतली कुत्री सोबत म्हणतील.

निफाडची_थंडी

फुल फेस हेल्मेट लागतं का? त्यात श्वास कोंडतो म्हणतात.

उतारकरी

चढताना कोंडतो, उतरताना फारसा नाही. हनुवटीचा भाग काढता येणारी हेल्मेटं मिळतात, चढताना पिशवीला अडकवायची. साधं हेल्मेट घालूनही बरेच उतरतात, पण चिपांवर माणूस पडतो तो तोंडावर. दात बसवायचा खर्च आणि हेल्मेटचा खर्च मांडून बघा. गुडघ्याचे पॅड मात्र सगळ्यांनी, आणि पूर्ण बोटांचे हातमोजे.

गोरखपूर_एक्सप्रेस

सायकल नाशिक रोडवरून गोरखपूरच्या गाडीत टाकून, सोनौलीमार्गे पोखरा, असं जमतं का? की तिकडेच भाड्याने घ्यावी?

उतारकरी

दोन्ही जमतं. आपल्याला व्हिसा लागत नाही, अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना लागतो, सार्क देशांच्या लोकांना तो स्वस्तात मिळतो. विमान धराल तर पोखरा-जोमसोम उड्डाणं सकाळचीच असतात, वारा सुटला की बंद. त्यात सायकल जाईलच असं धरू नका, जीपच्या टपावर बांधून पाठवणं सोपं.

भाड्याची घेतलीत तर ताब्यात घेताच एक गोष्ट बघा: पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला. बाहेरून आलेल्या सायकलींचा डाव्या हाताला असू शकतो. सवयीने मागचा समजून पुढचा करकचून दाबलात की चिपांवर काय होतं ते वर लिहिलंच आहे. उलटा असेल तर दुकानात बदलून मागा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान.

गोरखपूर_एक्सप्रेस

आणि दिवस कोणते? दिवाळीची सुट्टी जोडून जावं म्हणतोय.

उतारकरी

दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, ऑक्टोबर-नोव्हेंबर. नाहीतर मार्च ते मे. वेळ मात्र दिवसापेक्षा महत्त्वाची. काली गंडकीच्या खोऱ्यात दहा-अकराच्या सुमाराला दक्षिणेकडून वारा सुटतो आणि दुपारभर वाढतच जातो. लुब्राच्या नाल्यातून पात्रात आलात की जोमसोम दक्षिणेला, म्हणजे वारा थेट तोंडावर, वर वाळू. हजार मीटर उतरून आलेला माणूस शेवटच्या सपाट तुकड्यात रडकुंडीला येतो. त्यामुळे मुक्तिनाथहून लवकर निघा. पण इतकंही लवकर नको की वरच्या चिपांवर दव गोठलेलं असेल. ऊन वाटेवर पडलं की निघायचं.

पंचवटीची_ताई

माझं ठरलं. साधी सायकल, मधली वळणं चालत, ब्रेक मात्र बदलते. शेवटचा प्रश्न. सायकल खोक्यात भरायची म्हणजे चाकं काढायची. चाक काढलेलं असताना ब्रेक चुकून दाबला गेला तर काही होतं का? मुलगा म्हणतो काही नाही होत.

साखळी_तुटली

होतं, ताई. मध्ये डिस्क नसली की पिस्टन पुढे सरकतात, पॅड एकमेकांना चिकटतात, आणि तिकडे चाकच बसत नाही. कॅलिपरमध्ये (पॅड बसतात त्या भागात) घालायची प्लॅस्टिकची चीप येते ती घाला. नसेल तर पुठ्ठ्याची जाड घडी करून घाला, आणि लिव्हरला रबरबँड लावू नका, तो दाबूनच ठेवतो. चिकटलेच तर सपाट, गुळगुळीत काहीतरी मध्ये घालून हळू उघडायचे, स्क्रूड्रायव्हरने पॅडवर ओरखडे नकोत.

उतारकरी

आणि ताई, मागचा गिअर ज्यावर लटकतो तो हँगर तुमच्या सायकलच्याच मापाचा एक जादा घ्या. तो बहुतेक सायकलींचा वेगवेगळा असतो, जोमसोमला मिळणार नाही. ब्रेक पॅडचे दोन जोड. खोकं भरताना दोन्ही एकाच पिशवीत, हँडलला बांधून ठेवा, म्हणजे शोधायला लागत नाही.